अठरा-पंचावन्न वगळा

पप्पांचं आणि माझं त्या काळात पटत नव्हतं, असं आमच्या घरात अजूनही म्हटलं जातं. मला हे वाक्य फार मवाळ वाटतं. न पटणारी माणसं एकमेकांना टाळतात. आम्ही एकमेकांची वाट पाहायचो. संध्याकाळी सव्वासहाला त्यांच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की मी मनातल्या मनात बाह्या सरसावून बसायचे. विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्या भांडायला तशा अपुऱ्याच होत्या. बाहेरच्या खोलीतलं बोलणं आत ऐकू यायचं आणि आत आपटलेलं भांडं बाहेर. त्यात डोक्यावरून विमानं. विमानतळ जवळ असल्यामुळे लढाऊ विमानांची उड्डाणं सुरू झाली की गल्लीतली सगळी बोलणी जागच्या जागी थांबायची. विमान गेल्यावर बाकीची माणसं "काय सांगत होतो मी?" असं विचारायची. पप्पा मात्र ज्या शब्दावर थांबले असतील त्याच्या पुढच्या शब्दापासून सुरू करायचे. मला त्याचासुद्धा राग यायचा.

पप्पा एका सरकारी कार्यालयात खरेदी शाखेत होते. टाचणीपासून टेबलापर्यंत जे काही तिथे येई ते त्यांच्या सहीनं येई. नियम असा की कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन दुकानांकडून लेखी दरपत्रकं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याच्याकडून घ्यायची. कार्यालयात ठीक आहे. पप्पांनी हा नियम घरी आणला होता. आमचा पंखा, आईचं शिलाई मशीन, माझं पाचवीतलं दप्तर, सगळं तीन दरपत्रकांतून पार होऊन घरात आलेलं. त्याची एक फाईल होती, लाल दोरा बांधलेली, कपाटात शाळेच्या दाखल्यांच्या वर. कुकर घ्यायला आम्हाला अख्खा पावसाळा लागला, आणि शेवटी जो सर्वांत स्वस्त म्हणून आला त्याची शिट्टी त्याच्या मनाला येईल तेव्हा व्हायची. डाळ कधी कच्ची, कधी तळाला लागलेली. आई वर्ध्याकडची. ती त्या कुकरशी बोलायची आणि ऐकवायची पप्पांना. "यायनं लग्नाच्या वेळीबी तीन पोरी पाह्यल्या असतीन," ती म्हणायची, "अन् मी सगळ्यात सस्ती पडली असन." पप्पा पेपर खाली न करता म्हणायचे, "तेव्हा मी नोकरीला नव्हतो."

हे आज सांगताना ऐकणारे हसतात. मीही हसते, पण तेव्हा हसत नव्हते. मला ती शुद्ध कंजुषी वाटायची, आणि कंजुषीपेक्षा वाईट म्हणजे कारकुनी. माझ्या बापाला आयुष्यात कुठलीच गोष्ट मनापासून आवडली नाही, त्यांना फक्त गोष्टी परवडल्या, असं मी एकदा मैत्रिणीला सांगितलं होतं. वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते पुढे चार जणांना ऐकवलं.

बी. कॉम. संपलं होतं. पप्पांनी माझ्यासाठी स्पर्धा परीक्षेचा क्लास ठरवून ठेवला होता. खेड्यातल्या आमच्या घराण्यातले ते पहिले सरकारी नोकर, आणि दुसरी मी व्हावं यापलीकडे त्यांना माझ्याबद्दल काही सुचत नव्हतं. मला फोटो काढायचे होते. मैत्रिणीच्या भावाचा कॅमेरा मी एका लग्नात तासभर हाताळला होता आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नव्हतं. त्याच लग्नात फोटो काढणारे धायरीचे मारुतराव भेटले. मांडवात तीन माणसं हाताखाली घेऊन फिरणारा, घामानं निथळणारा, सगळ्यांवर खेकसणारा माणूस. मी त्यांच्या मागे मागे फिरून तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते वैतागून म्हणाले, "पोरी, कॅमेरा हाय का सोताचा? नसंल तर माझं डोकं खाऊ नको. आसंल तर तुळशीचं लगीन झाल्यावर ये, लगीनसराईचा शिजन चालू व्हतोय." एवढ्या वाक्यावर मी चार महिने काढले. तुळशीच्या लग्नाआधी कॅमेरा आला तर धायरी, नाही तर क्लास. तिसरी वाट नव्हती.

मग मी कॅमेरे वाचायला लागले. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत तासाच्या दरानं बसून मी इतकं वाचलं की मालक मला "काय मॅडम, आज कुठला पेपर?" म्हणायचा. परवडणाऱ्या डीएसएलआरच्या बाबतीत कंपन्या दोनच होत्या. त्यांची नावं घेत नाही, अजूनही त्यावरून माणसं हातघाईवर येतात. मेगापिक्सेलचा आकडा साडीच्या काठासारखा असतो, दुकानात मिरवतो आणि नेसल्यावर कुणी बघत नाही, हे मी त्याच काळात शिकले. नवं मॉडेल आलं की मागचं उतरतं, आणि फोटोत दोन्हींतला फरक फोटोग्राफरच्या आईलाही कळत नाही. जुना घ्यायचा तर त्यानं आजवर किती फोटो काढलेत तो आकडा आधी पाहायचा, गाडीचे किलोमीटर पाहतात तसा. आणि सुरुवातीला कॅमेऱ्याबरोबर येते ती अठरा-पंचावन्नची साधी लेन्स पुरेशी असते. तिच्यात अख्खा मांडवही बसतो आणि नवरीचा चेहराही. आज माझ्याकडे नऊ लेन्स आहेत, आणि तरीही कुणी मुलगी विचारायला आली की मी तेच सांगते. वर्षभर एवढ्यावर काढ, मग बोल.

गणपतीच्या सुमारास पप्पा हो म्हणाले. का, ते मला कळलं नाही, आईनं काहीतरी केलं असणार. हो म्हणताना त्यांनी हिशेबाच्या वहीवरून मान वर केली नाही. "एकदाच," ते म्हणाले. "हा पैसा एकदा निघेल. परत कॅमेरा हा शब्द या घरात नको. जुना घ्यायचा नाही. तीन दरपत्रकं आण."

"कॅमेऱ्याची दरपत्रकं कुणी देत नाही, पप्पा."

"मागितली का?"

मागितली. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानदारानं मला चष्म्यावरून पाहिलं. "लेखी कोटेशन? कॅमेरा घ्यायचाय का पूल बांधायचाय?" कॅम्पातल्या माणसानं "आधी पैसे आणा, मग कागद देऊ" म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. मी दोन्हीकडे तीन-तीन खेपा घातल्या. कागद मिळाले ते अक्षरशः तोंडावर फेकल्यासारखे. दोघांनीही एकाच मॉडेलचा दर लिहिला होता, अठरा-पंचावन्नसकट. शिवाय न मागितलेल्या वस्तू घुसडल्या होत्या. तिसरं दुकान बिबवेवाडीत, एका गल्लीत, लग्नाच्या फोटोग्राफरांना माल देणारं. तिथले शेठ त्यातल्या त्यात माणसासारखे बोलले. त्यांच्याकडे तेच मॉडेल होतं, पण लेन्सशिवाय, नुसती बॉडी. "धंदेवाले लोक अशीच घेतात, ताई, त्यांच्याकडे काचा असतात. तुम्हाला उपयोगाची नाही," असं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. मला तिसरा कागद हवा होता. मी म्हटलं, असू द्या, तरी लिहून द्या. तक्त्यात तीन नावं लागतात, घ्यायचा आहे तो लक्ष्मी रस्त्यावरूनच, असा माझा हिशेब.

त्या रविवारी दुपारी आईनं पाटवडीचा रस्सा केला होता. आमच्याकडे तो असला की जेवणानंतर कुणी फारसं बोलत नसे, नाकडोळे पुसत पडून राहायचं. पप्पा मात्र फूटपट्टी आणि लाल पेन घेऊन खाटेवर बसले. मी खाली मेथी निवडत होते. त्यांनी तक्ता आखला. तीन नावं, मॉडेल, दर, शेरा. मग कागद हातात घेऊन ते मोठ्यानं वाचायला लागले. हे त्यांच्या कामाचंच कौशल्य होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. दुकानदार दर फुगवायला जास्तीच्या वस्तू चिकटवतात, आणि चांगला खरेदी-कारकून त्या आधी काढून टाकतो, म्हणजे तुलना सारख्याला सारखी होते.

"बॅग. वगळा," पप्पा म्हणाले आणि लाल रेघ मारली. "कार्ड. बाहेर स्वस्त मिळतं, वगळा. तिपाई. वगळा. अठरा-पंचावन्न..." ते थांबले. वरून विमान जात होतं.

मी तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगते. पण विमान जाईपर्यंत वेळ मिळाला, आणि त्या वेळात मला आदल्या दिवशीचं आठवलं. शेजारचे काका आले होते, त्यांनी कौतुकानं विचारलं की कुठला कॅमेरा घेताय, आणि मी उत्तर द्यायच्या आत पप्पा म्हणाले होते, "हिला काय कळतंय त्यातलं? फिरून कागद आणायचं काम तिचं. ठरवायचं आम्ही." काका हसले होते. चार महिने कॅफेत घालवलेले तास, सहा खेपा, दुकानदारांचे टोमणे, आणि माझं काम कागद आणायचं.

विमान गेलं. "...जे काय असेल ते," पप्पा पुढच्या शब्दापासून म्हणाले, "वगळा." लाल रेघ पडली.

मी मेथीची जुडी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूनं निवडायला लागले. बिबवेवाडीच्या कागदावर 'फक्त बॉडी' असं लिहिलेलं वाचून ते खूष झाले. "हा प्रामाणिक माणूस दिसतो. फालतू काही चिकटवलेलं नाही." शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'न्यूनतम दर, शिफारस' असं लिहिलं आणि खाली घोटून सही केली. मला गुदगुल्या झाल्या. होय, गुदगुल्याच. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा म्हणतात, तो करताना नाकाला काही लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. शेठ त्यांना दुकानातच सांगतील, चारचौघांत त्यांची फजिती होईल आणि ते मान खाली घालून घरी येऊन मला विचारतील, असं मला वाटत होतं. एकदाच. एकदाच त्यांनी मला विचारावं.

ते खोकं घेऊनच घरी आले. बुधवारी, अर्धी रजा टाकून, मी घरी येण्याआधी. देव्हारा आमच्याकडे नव्हता, दोन तसबिरी होत्या, त्यांच्यासमोर त्यांनी खोकं ठेवलं होतं आणि आईला हात लावू दिला नव्हता. मी आल्यावर स्वतः उघडलं. कॅमेरा काढून हातात तोलला, पुढचं झाकण फिरवून काढलं, आत पाहिलं. मग उलटा करून डोळ्याला लावला, जसा टीव्हीत लावतात तसा. बराच वेळ लावून ठेवला.

"अंधार आहे," ते म्हणाले.

"लेन्स नाहीये त्याला."

"म्हणजे?"

"अठरा-पंचावन्न म्हणजे लेन्स. तुम्ही वगळलीत ती."

हे वाक्य मी तीन दिवस तोंडात घोळवत होते. ते मी इतक्या शांतपणे म्हटलं की माझं मलाच कौतुक वाटलं. पप्पांनी कॅमेरा खोक्यात ठेवला, उठले, फाईल काढली, कागद पुन्हा वाचले. त्यांचा कान लाल झाला होता. "तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तक्ता मला कुठे दाखवलात?" हे खरं होतं, आणि धडधडीत खोटं होतं. त्यांनी मान हलवली. मी मोरीत हात धुवायला गेले तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "तू तं बाजूलेच बसली होती. ऐकू येत होतं तुले. काऊन बोलली नाही?" मी म्हटलं, मेथी निवडत होते. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवलं तरी मला कुठे तोंड लपवावं ते कळत नाही.

शनिवारी पप्पा मला म्हणाले, चल. तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. स्कूटरवर आळंदी रस्त्यापासून बिबवेवाडीपर्यंत मी कॅमेऱ्याचं खोकं मांडीवर धरून बसले होते. त्यांनी कार्यालयाचे कपडे घातले होते, इस्त्री केलेले, खिशाला पेन. मला वाटलं ते भांडणार आणि दुकानदार त्यांना घालून पाडून बोलणार, आणि खरं सांगायचं तर दुकानाची पायरी चढेपर्यंत मला ते पाहायचं होतं.

ते भांडले नाहीत. "चूक झाली आहे," ते म्हणाले. "यात लेन्स नाही. हे परत घेता येईल का?"

"विकलेला माल परत नाही, काका. बिलावर छापलंय." शेठ चिडले नव्हते, पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती आणि त्यांना आपली बाजू ऐकू जायला हवी होती. "मी तुम्हाला विचारलं होतं, लेन्स आहे ना घरी? तुम्ही म्हणालात, दरपत्रकाप्रमाणे द्या. आता दरपत्रकाप्रमाणे दिलं." एक गिऱ्हाईक हसलं. "आणि मी म्हणतो, तुम्हाला नसेल माहीत, वय झालं, ठीक आहे. पण या ताईंना तर मी स्वतः अर्धा तास समजावलं होतं. ही नुसती बॉडी आहे, तुमच्या उपयोगाची नाही, असं सांगितलं होतं. विचारा त्यांना. काय हो ताई?"

मी काउंटरच्या काचेखालच्या बॅटऱ्या पाहत होते. पप्पांनी माझ्याकडे वळून पाहिलं असणार, मी मान वर केली नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की त्यांनी आता मारावं. इथे, या लोकांसमोर. मी मान्य केलं असतं.

"तिचा काही संबंध नाही," पप्पा म्हणाले. "चूक माझी आहे. तक्त्यावर सही माझी आहे." मग त्यांनी आतल्या खिशातून एक पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. ते पैसे घेऊनच आले होते. परत घ्यायला नाही म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी आधी सरळ विचारायचं म्हणून विचारलं होतं. "हिला लागते ती काच दाखवा."

शेठनी दोन-तीन खोकी पुढे ठेवली. पप्पा बाजूला झाले. "तू बघ," ते मला म्हणाले. "तुला कळतं."

एवढं ऐकायला मी हा सगळा उद्योग केला होता. मी अठरा-पंचावन्न उचलली, फिरवून पाहिली, काचेवर ओरखडे नाहीत ना ते उजेडात धरून पाहिलं. झाकण परत लावताना ते दोनदा तिरकं बसलं. शेवटी शेठनीच ते बसवून दिलं. पप्पांनी दर विचारला नाही, घासाघीस केली नाही, दुसरीकडे काय भाव आहे ते पाहिलं नाही. बिल झालं ते न वाचता घडी करून खिशात ठेवलं.

मी धायरीला गेले, मारुतरावांच्या शिव्या खात दोन हंगाम काढले आणि पुढे ज्या कामावर पोट भरतं ते काम शिकले, हे सगळं खरं. त्या घरात नंतर कुठल्याही वस्तूसाठी तीन दरपत्रकं मागवली गेली नाहीत, हेही खरं. नवा कुकर आईनं एका संध्याकाळी स्वतःच्या मनानं आणला आणि पप्पा त्यावर काही बोलले नाहीत. पण मी हे प्रकरण लिहायला बसले ती या कशासाठीही नाही. परतताना वाटेत एका सिग्नलला गाडी थांबली, त्यासाठी.

पप्पांनी इंजिन बंद केलं नाही, मागे वळले नाहीत. मला त्यांची फक्त कॉलर आणि हेल्मेटचा पट्टा दिसत होता. आवाज रोजचाच होता, पेपर वाचताना बोलायचे तसा.

"ऑफिसात असे पुष्कळ होते," ते म्हणाले. "मी सही करताना त्यांना चूक समोर दिसतेय, पण बोलायचं नाही. करू दे याला. मग साहेबाकडे जाऊन सांगायचं, बघा, कोट्यातून आलेल्या या लोकांना कामं जमत नाहीत. सत्तावीस वर्षं काढली मी त्यांच्यात. म्हणून तीन दरपत्रकं, म्हणून तक्ता, म्हणून सगळं लेखी. त्यांना बोट ठेवायला जागा नको. घरी आपलं सवयीनं करत होतो. घरी त्याची गरज असेल असं कधी वाटलं नव्हतं."

मला बोलायचं होतं. काय बोलायचं तेही ठाऊक होतं, तीनच शब्द होते, 'मला माहीत होतं'. मी पुढे वाकले, पण तोवर सिग्नल सुटला होता.